सहा शहरं, अठरा फिल्म

२८ ऑगस्ट, गुरुवार

सहा शहरं. तीच सहा, त्याच क्रमाने! रुडलोफसाहेबांनी कागद माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "लोझेबाई, ऑक्टोबरात निघायचं. ऊन तिरपं असतं. तुम्ही आखा, मी फोटो काढतो."

ग्योर्लित्स, बाउत्सेन, त्स्विकाउ, हाल्बरश्टाट, मागडेबुर्ग, श्ट्रालझुंड. नव्वदच्या उन्हाळ्यात ते एकटेच या सहा गावी हिंडले होते. भिंत पडलेली, दोन्ही जर्मनी अजून एक व्हायच्या होत्या, आणि आमच्या पूर्वेकडच्या दुकानांवरच्या जुन्या पाट्या एकेक करून उतरत होत्या. त्या उतरायच्या आत त्यांनी टिपल्या. अठरा फिल्म भरल्या. त्यातला एकही फोटो आजवर कुणी पाहिलेला नाही.

आता वय ऐंशी. माझे दोन जिने चढून आले तर पाच मिनिटं तोंडून शब्द फुटेना. मी पाणी दिलं आणि हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

३० ऑगस्ट, शनिवार

रोझविटाचा गेराहून फोन. धाकटी असून मोठ्या बहिणीसारखी चौकशी. "खोल्या किती घेतल्यास?" दोन म्हटलं. "पस्तीस वर्षं तो बाप्या तुझ्याकडे फिल्म धुवायला आणतोय आणि अजून अहोजाहो. एवढ्यात माणसांची लग्नं होऊन मोडतात गं." मी म्हटलं, ते वयाने मोठे, 'तू' म्हणायचं त्यांनी आधी सुचवायचं असतं, मी नाही. "मग सुचवत का नाही? मुका आहे का?"

हसले. फोन ठेवल्यावर हसू गेलं. तिला काहीच ठाऊक नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

हे कधी कुठे लिहिलं नव्हतं. या वहीतही नाही. आज लिहिते.

कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, बिघडून त्या अठरा फिल्म कोऱ्या निघाल्या असं सगळे धरून आहेत. पडदा बिघडला नव्हता. त्या अठरा फिल्म मी मारल्या.

तेव्हा मी इथे हालेमध्ये सरकारी फोटोलॅबमध्ये होते. एकतीस वर्षांची. सकाळी चिठ्ठी मिळाली: लॅब बंद होणार, तुम्हाला कामावरून कमी केलं आहे. बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन डार्करूममध्ये शिरले, कारण रुडलोफसाहेबांच्या फिल्म वाट बघत होत्या आणि त्या दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायच्या नव्हत्या. काळोखात टाक्या शेजारी शेजारी. हायपोला, म्हणजे उमटलेला फोटो पक्का करणाऱ्या रसायनाला, आंबट वास येतो. फिल्म सोडण्याआधी वाकून वास घ्यायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी वाकले. वास घेतला. नाक रडून चोंदलेलं होतं.

डेव्हलपरच्या आधी हायपो, म्हणजे फोटो उमटायच्या आतच पुसलेले! अठराच्या अठरा, एकाच खेपेत. दिवा लावला तेव्हा खिडकीची काच असावी तशा फिल्म लोंबत होत्या. सहाशे अठ्ठेचाळीस फोटो.

आणि मग मी हुशारी केली. फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि आकडे कारखान्यातूनच उमटवलेले असतात. फिल्म डेव्हलप केली की ते दिसू लागतात, मग फोटो काढलेला असो वा नसो. माझ्या अठरा फिल्मवर तेही नव्हतं. सगळं हायपोने खाल्लेलं. जाणत्या माणसाला एका नजरेत कळलं असतं. म्हणून मी कपाटातली आमची नेहमीची एक कोरी फिल्म काढली आणि ती नीट, रीतसर डेव्हलप केली. मधे कोरी, कडेला आकडे. पडदा उघडलाच नाही की फिल्म अशीच निघते. त्यातली एक पट्टी कापून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, सगळ्या अशाच होत्या, टाकून दिल्या. कॅमेऱ्याचा दोष.

त्यांनी पट्टी खिडकीपाशी धरली. बराच वेळ. मग म्हणाले, "असं होय." पट्टी खिशात टाकली. आणि मला विचारलं, "तुमची नोकरी गेली म्हणे. रडलात का?"

लायप्झिगचा एक प्रकाशक पुस्तक काढणार होता. ते दुसऱ्याच्या फोटोंचं निघालं. रुडलोफसाहेब पुढे शाळाशाळांतून वर्गाचे फोटो काढत राहिले. उंच मुलं मागे, बुटकी पुढे. तीस वर्षं. मी तळघरात छोटी डार्करूम मांडली, तर पहिलं गिऱ्हाईक तेच. दर महिन्याला स्वतः येऊन फिल्म देतात. नीट बांधलेल्या, नाव-तारीख घालून. माझ्यावर विश्वास!

श्ट्रालझुंडला सांगणार आहे. शेवटच्या गावी, बंदरावर बसून. ठरलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

त्यांची नव्वदची वही दिली मला. एकेका फोटोची नोंद: गल्ली, दुकान, वेळ, कुठे उभं राहायचं. 'ग्योर्लित्स, न्हावी, सकाळी नऊ दहा, समोरच्या पायरीवरून.' मला फक्त आताचं ऊन जुळवायचंय. तेव्हा जुलै होता, आता ऑक्टोबर. पूर्वेकडे तोंड असलेली दुकानं सकाळी, पश्चिमेची दुपारी तीननंतर. सहा शहरांचे नकाशे पसरले. ही गाडी, ती गाडी, मधे बसायला बाक. त्यांना दर दोनशे पावलांवर बाक लागतो.

कॉफी घेताना रंगात आले. "पश्चिम जर्मनीचे पैसे हातात आले त्या दिवशी लोक इतकी वर्षं न मिळालेल्या केळ्यांच्या रांगेत उभे राहिले, लोझेबाई. मी फिल्मच्या. अठरा. पश्चिमेच्या फिल्म, आयुष्यात पहिल्यांदा. दुकानदार म्हणाला, काय लग्नबिग्न आहे का?"

मी केक कापत राहिले.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज गावातच सराव. त्यांच्या खांद्याला तोच कॅमेरा — तोच! मी म्हटलं, "लांब जायचंय, पडदा एकदा तपासून घ्या."

"पडद्याला काय झालंय?"

"नव्वदला..."

"चालतो की. पस्तीस वर्षं चालतोय."

हट्टी म्हातारा. त्यांच्या हिशेबी एकदा दगा दिलेला कॅमेरा दुसऱ्या कुणी जवळही ठेवला नसता.

बेकरीसमोर कॅमेऱ्याचं तिकाटणं लावलं, तर आतून बाई धावत आली. पीठ लागलेले हात कमरेवर. "विचारलंत का? मी दिसतेय त्यात. आत्ताच्या आत्ता काढून टाका."

"फिल्म आहे बाई. एकदा घेतलेलं काढून टाकता येत नाही," साहेब म्हणाले. टोपी काढून.

"मग करायचं काय?"

"काही नाही. आपण दोघांनी लक्षात ठेवायचं."

ती आत जाऊन प्लमच्या केकचे दोन तुकडे कागदात बांधून घेऊन आली. "बसा तिथे आधी. ओठ निळे पडलेत तुमचे." आम्ही बाकावर बसून खाल्ले. ओठ खरंच निळे होते. मी नकाशाच बघत होते, त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

पाय सुजलेत त्यांचे. बुटाच्या नाड्या मी सैल केल्या.

१३ सप्टेंबर, शनिवार

राग आलाय. स्वतःचा.

त्यांच्या बागेच्या तुकड्यावर गेलो होतो, गावाबाहेर, रेल्वेच्या कडेने. लाकडी खोपटं, शेंगांचे वेल, चार प्लमची झाडं. मला गाड्यांचा तक्ता दाखवायचा होता. त्यांनी पाहिला, घडी घातली, आणि कपाटातून प्लमची दारू काढली. दोन छोटे ग्लास. ते उठून उभे राहिले! उभं राहणं त्यांना जड जातं.

"मी मोठा आहे, तेव्हा मलाच म्हणायला हवं. फार उशीर केला. एवढ्या लांब जायचं, आणि गाडीत अहो-जाहो... मी फोल्कमार. तू..."

ग्लास पुढे केला. हात हातात अडकवून प्यायचं, मग गालाला गाल, आणि त्यानंतर जन्मभर तू. मला किती वर्षं हेच हवं होतं ते मला ठाऊक. आणि माझ्या डोळ्यासमोर ती पट्टी आली. एवढं पोटात ठेवून मी त्या माणसाला तू म्हणू? त्याचं नाव घेऊ? आधी सांगायचं, मग तू. हा हिशेब माझ्या डोक्यात पक्का होता, आणि तोंडातून निघालं:

"राहू द्या रुडलोफसाहेब. आहे ते बरं आहे."

असं कुणी म्हणत नाही. 'तू' नाकारणं म्हणजे पुढे आलेला हात झटकणं. ते "बरं," म्हणाले. खाली बसले. माझा ग्लास उचलून त्यातली दारू परत बाटलीत ओतली. एक थेंब सांडला नाही. मग स्वतःचा ग्लास प्यायले.

येताना ट्रॅममध्ये म्हणाले, "लोझेबाई, तुम्ही खिडकीशी बसा." नेहमीसारखंच. नेहमीपेक्षा जरा जास्तच अदबीने.

१४ सप्टेंबर, रविवार

रोझविटाला सांगितलं, कारण न सांगता. तिने चेष्टाही केली नाही. एवढंच म्हणाली, "अगं, तुला काय झालंय तरी काय?"

१८ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टरने श्ट्रालझुंड खोडलं. म्हणजे खोडलं आम्ही; डॉक्टर एवढंच म्हणाला की पाच-सहा तासांचा प्रवास नाही. हृदय थकलंय, छातीत पाणी साठतंय. ग्योर्लित्स आणि बाउत्सेनही गेले, दोन्ही लांब. त्स्विकाउ त्यांनी स्वतःच खोडलं: "तिथे चढ आहे." पेन्सिल माझी होती. प्रत्येक नावावर एकच सरळ रेघ मारली त्यांनी, वर्गाच्या फोटोत गैरहजर मुलाच्या नावावर मारायचे तशी.

उरली दोन. हाल्बरश्टाट आणि मागडेबुर्ग. बंदरावर सांगणार होते, ते आता एल्ब नदीच्या काठी सांगेन. मागडेबुर्गला. चार हॉटेलांना नको म्हणून कळवलं. एका हॉटेलातल्या बाईने विचारलं, "पुन्हा कधी येणार?" काय सांगू तिला!

२२ सप्टेंबर, सोमवार

मागडेबुर्गही नाही. एकच दिवस, हाल्बरश्टाट, दीड तासाची गाडी, संध्याकाळी परत. सोमवार, सहा ऑक्टोबर. नवी आखणी केली: स्टेशन, ट्रॅम, तीन दुकानं, पाच बाक. त्या तीनपैकी एक आता दात बसवणाऱ्याचा दवाखाना, एक बंद, तिसरं पाडलंय. ते त्यांना सांगितलं नाही. आणखी एक न सांगितलेलं.

जाताना गाडीतच सांगेन. पहिल्या दहा मिनिटांत, माझं तोंड दुसरीकडे वळायच्या आत.

२५ सप्टेंबर, गुरुवार

हॉस्पिटलमध्ये आहेत. काल त्यांच्या पुतणीने, बिर्टेने, सकाळी जाऊन पाहिलं तर खुर्चीत बसूनच झोपलेले, आडवं होता येत नव्हतं. नाकात नळी. पण डोळे टवटवीत.

"वही आणलीत? वाचा."

मी वाचू लागले. "ग्योर्लित्स. न्हावी. सकाळी नऊ दहा."

त्यांनी डोळे मिटले. "दारात पांढरा डगला वाळत घातलाय. एक बाही आत गेलेली. न्हावी पायरीवर पाणी ओततोय, बादली निळी, पण फोटोत काळी येणार. पाटीवरचा एक स्क्रू पडलाय, म्हणून पाटी डावीकडे झुकलेली. पुढे."

"बाउत्सेन. कोळसेवाला."

"कोळसेवाल्याची बायको. तो आतच होता, पश्चिमेच्या टीव्हीवर फुटबॉल बघत. ती म्हणाली, काढा, पण हसणार नाही. आणि हसली. तेवढ्यात दाबलं बटण. पुढे."

दोन तास. मी वाचत होते, ते बघत होते. मी कधीच न बघितलेले फोटो! एकेकात सगळं जागच्या जागी: कुत्रं, पडदा, कोपऱ्यातला अर्धा माणूस. माझ्या काचेसारख्या फिल्मवर हे सगळं होतं. एकशे बाराव्या नोंदीला मी थांबले. वही मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "रुडलोफसाहेब, मला तुम्हाला एक सांगायचंय. नव्वदचं."

त्यांनी डोळे उघडले. बोट वर केलं, वर्गातली पोरं गप्प करायला करत असतील तसं. "आत्ता नको. गाडीत सांगा. मलाही बोलायचंय, पण असं नळी लावून नाही. गाडीत समोरासमोर बसलं की बरं असतं."

"पण गाडी..."

"सहा तारखेची आहे ना? मग. पुढचं वाचा."

वाचलं. भित्री मी. ते नको म्हणाले आणि माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं, एवढीच माझी लायकी.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज दोनशे चाळीसपर्यंत. मधे मधे झोप लागते. बिर्टेला घरून बॅग आणायला लावलीय, प्रवासाची. पलंगाखाली ठेवून घेतली. म्हणाले, "भरलेली बॅग दिसली की डॉक्टर लवकर सोडतात." नर्सला हसू आवरेना. मला आवरलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

ओळखलं नाही मला. मग ओळखलं. "लोझेबाई, ऊन कुठून आहे?" मी म्हटलं, डावीकडून. "मग थांबू या जरा," म्हणाले.

वाचत राहिले. तीनशे सहा.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी आठला बिर्टेचा फोन. पहाटे गेले. "काकांना त्रास झाला नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, हो. हो म्हटलं आणि भांडी घासली. सगळी. स्वच्छ होती तीसुद्धा.

उरलेल्या तीनशे बेचाळीस नोंदी कुणाला वाचून दाखवू आता?

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी. देश एक झाल्याचा दिवस. चौकात बँड वाजतोय. खिडक्या लावून घेतल्या.

सांगितलं नाही. पस्तीस वर्षांत नाही, आणि शेवटच्या आठवड्यात रोज दोन तास उशाशी बसूनही नाही. त्या माणसाला जाताना वाटत राहिलं असेल की आपल्याच हातून चुकलं, निघण्याआधी आपण कॅमेरा तपासला नाही. ही माझी देणगी त्यांना. लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी मनाची समजूत काढायला बसले तर हे पान उघडेन.

६ ऑक्टोबर, सोमवार

गेले मी. नऊ बाविसची गाडी. दोघांच्या जागा. समोरची रिकामी होती, तिथे एक बाई येऊन बसायला लागली, तर मी म्हटलं, "इथे माणूस आहे." मूर्ख. ती पुढे गेली. पूर्ण दीड तास मी त्या रिकाम्या जागेला मनातल्या मनात सगळं सांगितलं: चिठ्ठी, नाक, हायपो, कपाटातली फिल्म. सांगून हलकं वाटेल अशी आशा होती. नाही वाटलं. ऐकणारा लागतो.

हाल्बरश्टाटमध्ये ऊन सुरेख होतं. आखल्याप्रमाणे, डावीकडून. दातांच्या दवाखान्यासमोर उभी राहिले, पाचही बाकांवर थोडा थोडा वेळ बसले आणि परत आले. दारात बिर्टे उभी होती, खांद्याला त्यांची बॅग. "काका म्हणाले होते, ही लोझेबाईंना. कॅमेरा आहे आत. तुम्हालाच कळेल त्याचं काय करायचं." चहा घेतला नाही. पोरीचे डोळे सुजलेले.

बॅग खुंटीला टांगलीय. नाही उघडत.

८ ऑक्टोबर, बुधवार

उघडली. कॅमेरा, सहा फिल्म, एक टोपी. पुढच्या कप्प्यात पाकीट. नवं पाकीट, थरथरत्या अक्षरात: 'आनेग्रेटला. गाडीत.' माझं नाव त्यांच्या अक्षरात पहिल्यांदा. आत ती पट्टी. मी दिलेली. कडेला आमच्या पूर्वेकडच्या कंपनीचं नाव, त्याभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ, जुनं, फिकट झालेलं, आणि तारीख: १४ सप्टेंबर १९९०. मी पट्टी दिली तोच दिवस.

त्यांच्या अठरा पश्चिमेच्या होत्या. मी आकडे आलेत एवढंच पाहिलं होतं. नाव वाचलंच नव्हतं.

फोल्कमार, तुला माहीत होतं. ग्लास पुढे केलास तेव्हाही.